भाऊबंदकीची भिंत

आयर्लंडमधल्या मलिंगर गावाबाहेर, लॉख एनेल तळ्याच्या काठी एक पडका मठ उभा दिसतो. टोकदार कमानींच्या खिडक्या, ढासळलेला माथा, सांदीसांदीतून उगवलेली झुडपं. पाचसातशे वर्षांचा असावा, असं वाटतं. पण इथे मठ कधी नव्हताच. १७६०च्या सुमाराला हे बांधकाम मुद्दाम पडकं करवून घेतलं, कशासाठी? तर शेजारच्या सख्ख्या भावाचं घर डोळ्यांसमोर नको म्हणून! नावही तसंच पडलं, ‘जेलस वॉल’. मत्सराची भिंत.

बांधणारा रॉबर्ट रॉशफोर्ट, बेल्व्हेडिअरचा पहिला अर्ल. वंशाने इंग्रज, पंथाने प्रॉटेस्टंट आणि आयर्लंडच्या जमिनीचे मालक अशा अँग्लो-आयरिश सरदारांपैकी हे एक बडं घराणं. तळ्याकाठचं बेल्व्हेडिअर हाऊस रॉबर्टने १७४०च्या सुमाराला वास्तुकार रिचर्ड कासल्सकडून बांधून घेतलं. घर बेताचंच, पण आत गेल्यावर मान वर करावीच लागते. गिलाव्याच्या छतावर ढगांतून गुबगुबीत देवबाळं डोकावत असतात.

बिजवर रॉबर्टने १७३६ साली मेरी मोल्सवर्थशी लग्न केलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. सातेक वर्षांत त्याने तिच्यावर धाकट्या दिराशी, आर्थरशी, संबंध असल्याचा आळ घेतला. तेव्हाच्या कायद्यात असा नवरा दुसऱ्या पुरुषाकडून भरपाई वसूल करू शके. ज्या बायकोवरून खटला चाले, तिला मात्र त्यात बोलायची सोय नव्हती. कोर्टाने आर्थरला तब्बल २०,००० पौंडांची भरपाई द्यायला सांगितलं. तो देश सोडून पळाला, बऱ्याच वर्षांनी परतला आणि कर्जदारांच्या तुरुंगात मेला.

मेरीच्या शिक्षेला कोर्टाचीही गरज पडली नाही. जवळच्याच गॉल्सटाउनच्या जुन्या वाड्यात नवऱ्याने तिला कोंडलं आणि स्वतः तळ्याकाठी मेजवान्या झोडू लागला. एकदा ती निसटून माहेरी पोचली, पण बापाने दार उघडलं नाही, असं सांगतात. ३१ वर्षं अशी गेली. १७७४ मध्ये अर्ल वारला, तेव्हा मुलाने आईला बाहेर काढलं.

भिंतीचं निमित्त तिसरा भाऊ, जॉर्ज. त्याचं ट्यूडनहॅमचं घर थोरल्याच्या घराहून मोठं, आणि बेल्व्हेडिअरमधून थेट दिसणारं. मग काय, भाऊबंदकीला दगडाचं रूप आलं.

आईला सोडवणाऱ्या त्या मुलाबरोबर, म्हणजे दुसऱ्या अर्लबरोबर, १८१४ मध्ये किताब संपला. नातेवाइकांतून फिरत इस्टेट १९१२ साली चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्याकडे आली. एव्हरेस्टच्या १९२१च्या पहिल्या पाहणी मोहिमेचे ते प्रमुख. मत्सराने पछाडलेल्या या घराचे हे धनी आयुष्यभर अविवाहित राहिले. १९८२ पासून बेल्व्हेडिअर वेस्टमीथ काउंटी कौन्सिलकडे आहे. डब्लिनहून रेल्वेने मलिंगर गाठायचं. तिथून घर पाच-सहा किलोमीटरवर.

भिंतीपुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. कौन्सिलने तिची डागडुजी केली आहे. ती ज्याला लपवत होती, त्या ट्यूडनहॅमचं छप्पर मात्र विसाव्या शतकात उतरवलं गेलं. मुद्दाम पडकं बांधलेलं टिकलं आणि राहण्यासाठी बांधलेलं खरोखरच पडकं झालं.