छिटमहल : एका महसुली संज्ञेचे राजकीय रूपांतर

प्रदेशांचे वर्गीकरण करताना देशांतर्गत प्रशासकीय विभाग आणि दोन देशांमधील सीमा या भिन्न कोटी मानल्या जातात. पहिल्या कोटीतील भूभाग दुसऱ्या कोटीत गेल्यास काय घडते, हे कूचबिहारच्या छिटमहलांवरून स्पष्ट होते.

'महाल' ही संज्ञा मराठीस परकी नाही. मुंबई इलाख्यात तालुक्याहून लहान महसुली विभागास महाल म्हणत आणि त्याच्या अधिकाऱ्यास महालकरी. बंगालीतही 'महल' हा महसुलाचाच घटक होय. 'छिट' म्हणजे मूळ मुलखापासून सुटा पडलेला तुकडा. अठराव्या शतकाच्या आरंभी कूचबिहारचे राज्य आणि मोगल यांच्यात तह झाल्यावर परस्परांच्या मुलखात असे तुकडे शिल्लक राहिले. सारा कोणाकडे भरावयाचा, एवढाच तेव्हा त्यांचा अर्थ होता. १९४७ मध्ये रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये कूचबिहार भारतात विलीन झाले आणि महसुली दप्तरातील हद्द आंतरराष्ट्रीय सीमा ठरली.

या स्थित्यंतराची किंमत रहिवाशांनी मोजली. स्वदेशाच्या कचेरीपर्यंत पोहोचण्यासाठी परदेशाची भूमी ओलांडावी लागे. त्यासाठीची कागदपत्रे मात्र त्या कचेरीतच मिळत. मुलास शाळेत घालताना शेजारच्या गावातील परक्या गृहस्थाचे नाव पिता म्हणून नोंदविल्याची उदाहरणे आहेत.

१९५८ चा नेहरू–नून करार आणि १९७४ चा इंदिरा गांधी–मुजीब करार यांनंतरही प्रश्न रेंगाळला. अखेर शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ छिटमहल बांगलादेशात आणि बांगलादेशाचे ५१ भारतात विलीन झाले. २०११ च्या संयुक्त गणनेनुसार त्यांत ५१ हजारांहून अधिक लोक राहत होते. दहग्राम–अंगारपोता मात्र आजही बांगलादेशाकडेच असून तीनबिघा मार्गिकेने मुख्य भूमीशी जोडलेले आहे.

तौलनिक अभ्यासकासाठी येथील प्रश्न भाषांतराचाही आहे. सेलिना हुसेन यांच्या 'भूमि ओ कुसुम' या कादंबरीचा विषय छिटमहल हाच आहे. अशा साहित्याच्या विवेचनात 'एन्क्लेव्ह' वा 'परिवेष्टित प्रदेश' ही संज्ञा योजल्यास भूभागाचे स्थान कळते, इतिहास कळत नाही. सारा भरणारी रयत एका दप्तरबदलाने नागरिकत्वास पारखी झाली, हे 'महल' या पदातच नोंदलेले आहे. मराठीत त्याचा सगोत्र शब्द उपलब्ध असता तो टाळणे म्हणजे ती नोंद पुसणे होय.