कच्च्या वाटेवरचें फिरतें घर

‘कॅरव्हॅन’ हा शब्द मूळचा फारसी ‘कारवान’. त्याचा अर्थ उंटांचा किंवा वाटसरूंचा तांडा. इंग्रजींत गेल्यावर त्याला चाकें लागलीं, आणि मोटारीमागें जोडून ओढावयाच्या घराला तें नांव मिळालें. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांत मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच मुलुखांत नांदून गेले आहेत. १८६० सालीं बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठीं चोवीस उंट त्या वेळच्या मुंबई इलाख्यांतील कराची बंदरांतून मेलबर्नला नेण्यांत आले. पुढें कित्येक वर्षें वायव्य सरहद्दीकडील व अफगाणिस्तानांतील उंटवाले त्या वैराण प्रदेशांत मालाची ने-आण करीत. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील मॅरी हें गांव त्यांचें एक प्रमुख ठाणें होतें. उंटाच्या मऊ तळव्याला तेथील कच्ची वाट पुरेशी होती. आज त्याच मॅरीहून निघणाऱ्या चाकांच्या घराला ती सोसतेच असें नाहीं.

कारण हें घर दिसतें तितकें भक्कम नसतें. हलका सांगाडा, त्यावर पातळ पत्रे, आंत बिछाने, कपाटें, शेगडी, पाण्याच्या टाक्या, आणि तळाशीं उघड्यावर लोंबणाऱ्या नळ्या व तारा, असा हा संसार असतो. नोकरींतून निवृत्त झालेलीं अनेक जोडपीं आयुष्याच्या शिलकेचा मोठा भाग घालून तो विकत घेतात आणि देश पाहावयास निघतात. डांबरी रस्त्यासाठीं बांधलेल्या कॅरव्हॅनच्या हमीपत्रांत कच्च्या वाटेवरील नुकसान अनेकदां वगळलेलें असतें, हें कित्येकांना घर मोडल्यावरच कळतें. मॅरीहून बर्ड्‌सव्हिलला जाणारी वाट सुमारें ५२० किलोमीटर आणि मार्लाकडे जाणारी ऊडनाडाटाची वाट सुमारें ६२० किलोमीटर लांब आहे. मध्यें वस्ती विरळ, कारागीर त्याहून विरळ. आणि मोडलेली गाडी ओढून आणण्याचा खर्च कधीं कधीं दुरुस्तीहून जड होतो.

या वाटांवरचा खरा शत्रु खड्डा नव्हे. खड्डा दुरून दिसतो आणि सावध चालक तो चुकवितो. खरा शत्रु म्हणजे वाटेच्या सबंध रुंदीभर आडव्या पसरलेल्या बारीक लाटा. पन्हळी पत्र्यासारख्या दिसतात म्हणून त्यांना पन्हळी म्हणावें. त्या कोणी मुद्दाम करीत नाहीं. चाकेंच त्या घडवितात. निकोला ताबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकेल्वेन या शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळूच्या फिरत्या थरावर एक चाक चालविलें. वेग एका मर्यादेच्या आंत होता तोंवर वाळू सपाट राहिली. मर्यादा ओलांडतांच लाटा उमटूं लागल्या. कमानी असोत वा नसोत, कण जाड असोत वा बारीक, लाटा कांहीं टळल्या नाहींत. शिवाय ही मर्यादा इतकी कमी कीं तिच्या आंत राहून शेकडों किलोमीटर काटणें कोणत्याहि मोटारीला परवडणारें नाहीं. म्हणून ग्रेडर यंत्रानें वाट कितीहि सारखी केली तरी कांहीं दिवसांत पन्हळी पुन्हां हजर.

दोन शिखरांमध्यें एक मीटर अंतर धरलें, तर ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या चाकाला दर सेकंदास वीस हादरे बसतात. तासाचे झाले बाहत्तर हजार. अशा थरथराटानें एका धक्क्यांत कांहींच मोडत नाहीं, पण स्क्रू हळूहळू फिरून बाहेर येतात, बिजागऱ्या झिजतात, पत्र्याच्या कडांना केसासारख्या भेगा पडतात. वेगानें गेल्यास चाकें शिखरांवरून तरंगत जातात व हादरा जाणवत नाहीं, असें अनेक चालक छातीठोकपणें सांगतात. मोटारींत बसलेल्याच्या अनुभवापुरतें तें खोटें नाहीं. परंतु तरंगणाऱ्या चाकाची पकड सुटलेली असते, आणि मागच्या घरांत कोणी बसलेलें नसल्यामुळें तेथें काय चाललें आहे याची बातमी पुढें येत नाहीं. शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे धक्के शोषणारी तेलाची नळी, प्रत्येक हादऱ्याचें रूपांतर उष्णतेंत करते. ती सतत तापत राहिली कीं आंतील तेल पातळ होऊन तिचा जोर जातो, आणि मग सारा भार एकट्या कमानीवर येऊन ती तुटते. मधून मधून थांबून चहा घेणें ही त्या वाटेवर चैन नव्हे. तेवढ्यांत नळ्या निवतात.

यावर सर्वांत स्वस्त उपाय टायरांतली हवा कमी करणें हा होय. डांबरी रस्त्यावर चौरस इंचास ४० पौंड दाब असेल, तर कच्च्या वाटेवर तो सुमारें पावपट उतरवून ३० पौंडांवर आणतात. टायर मऊ झाल्यानें बारीक हादरे तोच गिळतो, आणि टोकदार दगडाभोंवतीं रबर दबून जातें, फाटत नाहीं. बर्ड्‌सव्हिलच्या वाटेला स्टर्टचें दगडी वाळवंट लागतें. तेथील गोट्यांशीं टणक फुगलेल्या टायरानें झुंजणें व्यर्थच. मात्र मऊ टायर वळत-दबत चालल्यामुळें लवकर तापतो. म्हणून हवा उतरविली कीं वेगहि उतरविलाच पाहिजे. एक करून दुसरें न करणाराचा टायर फुटतो, आणि दोष बिचाऱ्या वाटेला मिळतो.

दगडांची गोष्ट जरा चमत्कारिक आहे. ते समोरून येत नाहींत. ओढणाऱ्या मोटारीचींच मागचीं चाकें ते कॅरव्हॅनच्या तोंडावर फेकतात, आणि तेथून उलटून ते मोटारीची मागली कांच फोडतात. यासाठीं जोडदांड्यावर तिरपी जाळी ताणून बसवितात. जाळी थोडी हलती, सैलसर असावी. दगडाचा जोर तींत जिरून तो खालीं पडतो. ताठ पत्रा लावला तर दगड चेंडूसारखा परततो. चाकांमागें रबरी पडदे, टाक्यांखालीं पत्रा, ब्रेकच्या तारांवर व गॅसच्या नळीवर जाड रबरी नळीचें आवरण, आणि मोटारीच्या कांचेवर पुठ्ठा, एवढ्यानें पुष्कळसें काम भागतें.

धूळ दगडाहून चिवट. चालत्या कॅरव्हॅनच्या मागें हवेचा दाब कमी होतो व आंतील हवा बाहेर ओढली जाते; तिची जागा घेण्यासाठीं प्रत्येक फटींतून धूळ आंत शिरते. तेव्हां छपरावर पुढच्या बाजूस गाळणी लावलेलें झरोकें ठेवून स्वच्छ हवा मुद्दाम आंत घेतात. आंतला दाब किंचित् वाढला कीं धुळीचा रस्ता बंद होतो. कांहीं लोक दारांतले व भिंतींतले वायुमार्ग चिकटपट्टीनें बंद करतात. प्रवासापुरतें तें ठीक. पण हे वायुमार्ग गॅसच्या शेगडीसाठीं ठेवलेले असतात. मुक्कामीं पट्टी काढावयास विसरून शेगडी पेटविली, तर बंद घरांत कार्बन मोनॉक्साइड सांचतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं, आणि झोपलेल्या माणसाला तो जागें करीत नाहीं. कपाटांत चार बोटें धूळ पत्करली, पण ही विसर पत्करूं नये.

सामान भरतांना जड वस्तु खालीं व आंसाच्या जवळ ठेवाव्या. मागच्या टोकाला वजन गेलें कीं शेपूट हलूं लागतें. पाऊस पडल्यावर वाटा बंद केल्या जातात. बंद वाटेवर गाडी घातली तर दंड होतो; आणि तो योग्यच, कारण ओल्या मातींत पडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि पुढच्या प्रत्येकाला भोंवते. समोरून ‘रोड ट्रेन’, म्हणजे ५३ मीटरपर्यंत लांबीची मालगाडी, आली तर डाव्या कडेला घट्ट जमिनीवर थांबून धूळ खालीं बसेपर्यंत वाट पाहावी.

मार्लाला पोंचल्यावर डांबरी हमरस्ता लागतो. तेथें टायरांत पुन्हां पुरती हवा भरावी लागते. तें काम चालू असतां जाणता प्रवासी पान्यानें चाकांचे नट एकेक करून तपासतो, हात लावून कोणत्या चाकाचें बेअरिंग अधिक तापलें आहे तें पाहतो, आणि मग आंत शिरून कपाटांच्या तळाशीं कोणते स्क्रू पडले आहेत ते वेंचून डबींत टाकतो.