खुशालीचं पत्र

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणाची शिळा गावात आहे.

युद्धात पडलेल्याचं नाव गाव दगडावर कोरतं. स्वतःच्या हातानं गेलेल्या जवानाबद्दल मात्र दबक्या आवाजात बोललं जातं. २०२२ मध्ये सरकारनं संसदेत आकडा दिला: आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केली, त्यांतले ६४२ लष्करातले.

आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असतं. पण सरकारी उत्तरांत घरगुती वाद, नवराबायकोतला बेबनाव आणि पैशाची ओढाताण पुन्हा पुन्हा येते. कोरेगावचा किंवा तासगावचा कुणी जवान उंचावरच्या चौकीत असतो आणि फोनवर कळतं, की चुलत्यानं बांध कोरला, फेरफार तलाठ्याकडे अडकलाय, बायको माहेरी गेलीय. पूर्वी ही बातमी पंधरा दिवसांनी पत्रातून यायची. आता ती रात्री नऊला येते आणि दहाला त्याची ड्यूटी लागते. ऐकायला सगळं येतं, करता काहीच येत नाही.

अशा कोंडीत मन अरुंद होतं. एरवी सुचणाऱ्या दहा वाटांपैकी एकही आठवत नाही. म्हणून अमेरिकेच्या फोर्ट कार्सन छावणीत डेव्हिड रड आणि क्रेग ब्रायन या मानसशास्त्रज्ञांनी जवानांना वाटा आधीच लिहून ठेवायला शिकवलं. एक छोटं कार्ड, स्वतःच्या अक्षरात. वर धोक्याच्या खुणा: झोप उडाली, जेवण जात नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. त्याखाली, मन थाऱ्यावर आणायला मी काय करतो. मग कुणाला फोन करायचा, आणि शेवटी डॉक्टरचा नंबर. हे कार्ड खिशात राहतं. जोडीला विचारांची गाठ सोडवण्याच्या मोजक्या बैठका होत्या. १५२ जवानांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले: नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, हे उपचार घेतलेल्यांत पुढच्या दोन वर्षांत आत्महत्येचा प्रयत्न होण्याची शक्यता ६० टक्क्यांनी कमी होती.

ती टोकाची घटका बहुतेकदा थोडाच वेळ टिकते. इस्रायलच्या सैन्यानं २००६ मध्ये एवढंच केलं, की आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या जवानांच्या रायफली युनिटमध्येच ठेवून घेतल्या. वर्षाच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. इतर वारांच्या आकड्यांत लक्षणीय फरक पडला नाही, म्हणजे सुट्टीतला धोका पुढच्या कामाच्या दिवसांवर ढकलला गेला नव्हता. ती घटका टळली आणि माणूस वाचला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो यांची गोष्ट फौजी घरांना लगेच कळेल. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. तेव्हा एका ओळखीच्या मुलीची पत्रं येत राहायची. त्यांत कसली मागणी नसायची. पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाल्यावर त्यांनी पुढचे उपचार नाकारलेले ८४३ रुग्ण निवडले. त्यांतल्या सुमारे निम्म्यांना पाच वर्षं, आधी दर महिन्याला आणि मग अंतर वाढवत, दोन ओळींचं पत्र जायचं: तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर लिहा. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांत आत्महत्या कमी झाल्या. पाऊस पडला, म्हैस व्याली, तू जेवलास का, असं विचारणारी आपली खुशालीची पत्रं याच जातीची. आता ती मोबाइलवरून जाऊ शकतात.

भारतीय लष्करातही जवानाला जोडीदार नेमून देतात, धर्मगुरूंना समुपदेशन शिकवतात. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा खास कक्ष सुरू झाला. हे सारं हवंच. पण बांधाचा वाद मिटल्याशिवाय नुसतं समुपदेशन किती पुरणार? युद्ध किंवा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या जवानाचं दिवाणी प्रकरण लांबणीवर टाकण्याची तरतूद १९२५ च्या कायद्यात आहे. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. तिथं आलेला आईबापाचा अर्ज वेळेत निकाली निघणं, हाही त्या जवानावरचा उपचारच आहे.

काळी ट्रंक घेऊन मिरज जंक्शनवर उतरलेला मुलगा सुट्टीभर गप्प गप्प राहिला, तर घरच्यांनी त्याला एकटं गाठून सरळ विचारावं: जीव द्यावासा वाटतोय का? असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नये, डॉक्टरकडे न्यावं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.