कल्पनाधिष्ठित कथासाहित्य
कल्पनाधिष्ठित कथासाहित्य : ज्ञात वास्तवातील एखादा नियम, घटना वा मर्यादा बदलली असता काय घडेल, याचा कथारूपाने शोध घेणारे साहित्य. इंग्रजीत त्यास ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ म्हणतात. विज्ञानकथा, अद्भुतिका, अतिमानुष भयकथा, पर्यायी इतिहासाच्या कथा, तसेच आदर्श वा भयावह समाजव्यवस्थेचे चित्रण करणाऱ्या कथा यांचा सामान्यतः त्यात अंतर्भाव होतो. सर्वच ललित कथा कल्पित असतात. तथापि सामाजिक कादंबरीत पात्रे कल्पित व जग परिचयाचे असते, तर येथे जगाचीच घडण निराळी कल्पिलेली असते.

या प्रकारांतील सीमारेषा कथाविषयावरून ठरत नाहीत. असंभवनीय गोष्टीचा उलगडा कथेत कसा होतो, यावरून त्या ठरतात. झ्यूल व्हेर्न (१८२८–१९०५) याने १८६५ च्या कादंबरीत चंद्राकडे जाणारे यान प्रचंड तोफेतून उडविले, एच्. जी. वेल्स (१८६६–१९४६) याने १९०१ मध्ये त्याच प्रवासासाठी गुरुत्वाकर्षण रोखणारा एक काल्पनिक पदार्थ निर्माण केला. आपण भौतिकीचा आधार घेतो, वेल्स मात्र नवे शोध रचतो, अशी व्हेर्नची तक्रार होती. वस्तुतः त्या तोफेच्या धक्क्याने प्रवासी जिवंत राहिले नसते. यावरून असे दिसते की, विज्ञानकथेस विज्ञानाची अचूकता लागतेच असे नाही; तिला कार्यकारणाची भूमिका लागते. अद्भुतिकेत ही जबाबदारी नसते. तेथे मंत्र फळतो, एवढे पुरते. मात्र एकदा मांडलेले नियम लेखकाने शेवटपर्यंत पाळावे लागतात. भयकथेचे गमक परिणामात असल्यामुळे ती इतर प्रकारांतही सहज मिसळते. डार्को सुविन या समीक्षकाने विज्ञानकथेची व्याख्या करताना परिचित जगापासून दुरावणे आणि त्या दुराव्याची बौद्धिक संगती, या दोहोंवर भर दिला. ही व्याख्या उपयुक्त असली, तरी तिने अद्भुतिकेस अकारण कमी लेखले.

संज्ञेचा अर्थही स्थिर राहिलेला नाही. रॉबर्ट हाइनलाइन (१९०७–८८) याने १९४७ च्या निबंधात ती वापरली, तेव्हा त्याला विज्ञानकथेचाच एक प्रकार अभिप्रेत होता. अद्भुतिका त्यात येत नव्हती. पुढे ती सर्वसमावेशक झाली. मार्गारेट ॲटवुड हिने मात्र प्रत्यक्षात घडू शकेल अशाच गोष्टींपुरती ती राखून द हँडमेड्स टेल (१९८५) ही आपली कादंबरी विज्ञानकथा नव्हे, असे प्रतिपादिले. अशा व्याख्येमुळे समीक्षकांनी उपेक्षिलेल्या वर्गात जाण्यापासून तिच्या कादंबऱ्या बचावतात, असा आक्षेप अर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) हिने २००९ मध्ये घेतला. हा आक्षेप रास्त होता. वर्गीकरणाच्या वादात प्रतिष्ठेचा प्रश्न बहुधा गुंतलेला असतो.

मराठीत मुक्तामाला (१८६१) सारख्या आरंभीच्या कादंबऱ्यांना अद्भुतरम्य म्हणण्याचा प्रघात आहे. पण त्यांतील अद्भुत मुख्यतः योगायोगांचे व साहसांचे असल्याने त्या येथे विवेचिलेल्या अर्थाच्या अद्भुतिका ठरत नाहीत. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथा व विज्ञानकथा दोन्ही लिहिल्या. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या पानिपतविषयक कथेत १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागत नाही व मराठे विजयी होतात. कथानायक गंगाधरपंत त्या निराळ्या इतिहासात काही काळ वावरून येतो. हे केवळ स्वप्न वा दैवी चमत्कार म्हणून सोडून दिले असते, तर कथा अद्भुतिकेकडे झुकली असती. परंतु पुंजयामिकीतील अनिश्चिततेच्या आधारे तिचा उलगडा केल्यामुळे पर्यायी इतिहासाची ही कथा विज्ञानकथाही ठरते.