मिटण्यासाठी वसवलेले गाव

फिलिपाईन्सच्या 2020 च्या जनगणनेत कुलियन नगरपालिकेची लोकसंख्या 23,213 भरली. पलावान प्रांताच्या उत्तरेला कालामियन नावाचा द्वीपसमूह आहे, त्यातले हे बेट. नगरपालिकेत 14 बारांगाय आहेत. बारांगाय म्हणजे तिथला सर्वांत लहान प्रशासकीय घटक, आपल्या वॉर्डासारखा किंवा वाडीसारखा. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा हा आकडा वाचून कोणी थबकणार नाही. पण ज्यांनी ही वस्ती वसवली त्यांच्या हिशेबात हा आकडा कुठेच नव्हता. देशभरातले कुष्ठरोगी एका बेटावर आणून ठेवायचे, म्हणजे बाहेर रोगाचा फैलाव थांबेल. इथले रोगी हळूहळू संपतील आणि रोगही संपेल, असा तो हिशेब होता. गावे वाढावीत म्हणून वसवली जातात. कुलियन मिटावे म्हणून वसवले गेले.

सेबूहून आलेली जहाजे

1898 साली फिलिपाईन्स स्पेनच्या हातून अमेरिकेकडे गेले. नव्या राज्यकर्त्यांना बेटाबेटांवर विखुरलेले हजारो कुष्ठरोगी दिसले. स्पॅनिश काळात मनिलाच्या सान लाझारोसारखी, चर्चच्या आधाराने चालणारी रुग्णालये होती. पण बहुतेक रोगी आपापल्या गावात, घराच्या मागच्या खोलीत किंवा गावकुसाबाहेर राहत. आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. व्हिक्टर हायझर यांनी सक्तीच्या विलगीकरणाचा मार्ग धरला. कुलियनवर स्पॅनिश काळापासून एक छोटे गाव होते. टेकडीवर 1740 मधला किल्ला होता आणि त्याच्या आत चर्च. तिथल्या रहिवाशांना दुसरीकडे हलवून बेट मोकळे करण्यात आले.

27 मे 1906 रोजी सेबूहून दोन सरकारी जहाजे कुलियनला लागली. त्यांतून 370 रुग्ण उतरले. त्यांची शुश्रूषा करायला सेंट पॉल संघाच्या जोगिणी आल्या होत्या. पुढच्याच वर्षी, 1907 मध्ये, सक्तीचा कायदा झाला. आरोग्याधिकारी गावोगाव फिरून संशयितांना ताब्यात घेऊ लागले. घरच्यांनी रुग्णाला लपवावे, शेजाऱ्याने खबर द्यावी, आणि एके दिवशी बोट किनाऱ्याला लागावी, हे अनेक कुटुंबांनी भोगले. पहिल्या चार वर्षांत पाच हजारांहून अधिक माणसे इथे आणली गेली. त्यांतली कितीतरी लवकरच दगावली. तरी बोटी येतच राहिल्या आणि 1935 च्या सुमारास इथल्या रुग्णांची संख्या सात हजारांच्या घरात पोचली. ही जगातली सर्वांत मोठी कुष्ठवसाहत मानली जात होती.

निराळे नाणे

बेटावर दोन जगे होती. एका बाजूला ‘लेप्रोसो’, म्हणजे रुग्ण. दुसऱ्या बाजूला ‘सानो’, म्हणजे निरोगी. डॉक्टर, कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे बालाला भागात राहत. मधे फाटके होती आणि फाटकांवर पहारा. रुग्णांच्या भागात त्यांचे स्वतःचे पोलीस होते, निवडलेले प्रतिनिधी होते, दुकाने होती, बँड होता. आणि होते स्वतःचे चलन.

1913 चे ते नाणे पाहण्यासारखे आहे. ॲल्युमिनियमचे, हातात घेतले तर वजन जाणवू नये इतके हलके. एका बाजूला सापांचा विळखा असलेला दंड, वैद्यकाची खूण म्हणून, आणि भोवती आरोग्य खात्याचे नाव. दुसऱ्या बाजूला किंमत आणि ‘कुलियन कुष्ठवसाहत, फिलिपाईन बेटे’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. अर्ध्या सेंटाव्होपासून एका पेसोपर्यंत अशी नाणी पाडली गेली. रुग्णाने हाताळलेला पैसा बाहेर जाऊ नये हा त्यामागचा हेतू. कुष्ठरोग नाण्यावरून पसरत नाही, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येईल. त्या काळी मात्र सरकारने भीतीच टाकसाळीत घालून तिची नाणी पाडली. जी खूण माणसाच्या कपाळी मारली होती तीच त्याच्या खिशातही आली.

काचेपलीकडची मुले

वस्ती मिटायची तर तिथे मूल जन्माला येता कामा नये. म्हणून स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवण्याचे आणि लग्नावर बंदी घालण्याचे प्रयत्न झाले. पण जिथे हजारो तरुण माणसे आयुष्यभरासाठी आणली जातात तिथे प्रेम थांबत नाही. बंदी आली, उठली, पुन्हा आली. 1932 मध्ये तर शेकडो पुरुषांनी मुलींच्या वसतिगृहावर चाल केली. त्या दिवसांत जपानने मांचुरियावर केलेल्या आक्रमणाच्या बातम्या ताज्या होत्या. कुलियनच्या लोकांनी आपल्या बंडालाही ‘मांचुरिया’ हेच नाव दिले. एवढ्याशा बेटावरच्या, जगाने टाकलेल्या माणसांना जगाची खबर होती.

मुले होत राहिली. त्यांना काही महिन्यांतच आईपासून वेगळे करून बालालाच्या बालगृहात ठेवत. नेमलेल्या दिवशी आई-वडील यायचे आणि काचेपलीकडून मूल पाहायचे. अंगावरचे दूध तुटलेली आई, मधे काच, आणि पलीकडे दुसऱ्याच बाईच्या कडेवर बसलेले तिचे लेकरू. भेट म्हणतात ती एवढीच. पुढे यांतली बरीच मुले दत्तक गेली किंवा मनिलाजवळच्या वेल्फेअरव्हिल या सरकारी संस्थेत वाढली. कुलियनच्या इतिहासात मला सर्वांत जड वाटते ती ही काच.

कडू कवठ ते गोळ्या

या दुःखाच्या जोडीने बेटावर खरे संशोधनही झाले. गव्हर्नर जनरल लिओनार्ड वुड यांच्या काळात, 1921 नंतर, आरोग्य खात्याच्या खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा कुलियनकडे वळला. 1922 मध्ये आलेले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. हर्बर्ट विंडसर वेड 1968 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिले आणि त्यांना मूठमातीही इथेच मिळाली.

त्यांच्या हाती औषध होते चौलमुग्राचे तेल. याच कुळातले एक झाड आपल्या सह्याद्रीत उगवते, त्याला आपण कडू कवठ म्हणतो. सुश्रुताने त्याला ‘तुवरक’ म्हटले आहे. हे तेल पोटात घेतले की उलटी व्हायची, म्हणून ते टोचत. सुई वेदनेची, त्यावर गळवे यायची, आणि आठवड्यामागून आठवडे पुन्हा तीच सुई. काहींना गुण आला, पुष्कळांना आला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सल्फोन औषधे आली. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि तो उपचार त्या दशकात कुलियनलाही पोचला. ठरावीक काळाच्या गोळ्यांत रोग बरा होऊ लागला.

ही औषधे येण्याआधी त्या महायुद्धाने वस्तीची कंबर मोडली होती. बेट अन्नासाठी बाहेरून येणाऱ्या जहाजांवर जगत होते. जपानी ताब्यात ती बंद झाली. खूप माणसे उपासमारीने गेली, अनेक जण मिळेल त्या होडीने निघून गेले.

गाव होणे

1964 मध्ये कायद्याने विलगीकरणाची सक्ती सैल केली. आता परत जायला मोकळीक होती. पण घरी कोण वाट पाहत होते? अनेकांनी कुलियनलाच घर मानले. बरे झालेले रुग्ण, त्यांची मुले, कर्मचाऱ्यांची कुटुंबे आणि मासेमारी-शेतीसाठी शेजारच्या बेटांवरून आलेले लोक, असे गाव जमत गेले. मात्र जमीन आरोग्य खात्याची राखीव. पायाखालची माती आपली म्हणण्याचा हक्क नव्हता. 1992 च्या कायद्याने कुलियन नगरपालिका झाले. 2001 च्या कायद्याने तिची हद्द सगळ्या राखीव क्षेत्रापर्यंत वाढली. नगराध्यक्ष, मतदारयादी, घरपट्टी या आपल्याला रोजच्या वाटणाऱ्या गोष्टी. वस्ती झाल्यावर त्या मिळायला तिथे 86 वर्षे लागली. 2006 मध्ये, शताब्दीच्या वर्षी, कुलियन कुष्ठमुक्त म्हणून जाहीर झाले.

2010 मध्ये लोकसंख्या 19,543 होती, 2015 मध्ये 20,139, आणि 2020 मध्ये 23,213. वसवणाऱ्यांना हा आकडा खाली आणायचा होता. तो वर नेला तो रुग्णांच्या लेकरा-नातवंडांनी. डॉ. आर्तुरो कुनानन हे इथल्या रुग्णांचेच नातू. ते याच रुग्णालयात डॉक्टर झाले आणि कुष्ठरोगतज्ज्ञ म्हणून नाव मिळवले. जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. केसपेपर, छायाचित्रे, नाणी, उपकरणे, सगळे जपले आहे. 2018 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिवारसा यादीत हा दस्तऐवज दाखल झाला. लाज म्हणून हे कागद जाळता आले असते. कुलियनने ते जपले, आणि याबद्दल या छोट्या गावापुढे मी नतमस्तक आहे.

आपल्या अंगणात

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मुंबईतले ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय 1890 चे, आणि तिथेही संग्रहालय आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये काम सुरू केले, बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. या ठिकाणी टाकून दिलेल्या माणसाच्या हातात काम देऊन त्याला उभे केले गेले. पण भारतातला 1898 चा कुष्ठरोगी कायदा पुस्तकातून जायला 2016 साल उजाडले, आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून 2019 पर्यंत चालत होते. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात.

म्हणून एक विनंती. घरात, शेजारी, कामावर कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर त्या माणसाला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. औषध मोफत मिळते, रोग पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर त्याच्यापासून कोणाला धोका राहत नाही. त्याला घरातच राहू द्या.