कागदावाचून परके

शाळेचे जनरल रजिस्टर ज्यांच्या ताब्यात असते, त्या गुरुजींना जुन्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. साठीचा गडी येतो, जन्मतारखेचा उतारा मागतो, आणि गुरुजी पिवळ्या पानावरून बोट फिरवीत त्याचे नाव शोधून देतात. आता समजा, ते रजिस्टरच कुणी रद्दी म्हणून निकालात काढले, आणि वर त्या गड्यालाच विचारले, "तू इथला, हे कशावरून?" तर तो काय दाखवणार? इंग्लंडात असेच घडले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाला काम करणारे हात हवे होते. २२ जून १९४८ रोजी टिलबरी बंदरात 'एम्पायर विंडरश' या बोटीतून वेस्ट इंडीजची शेकडो माणसे उतरली. पाठोपाठ हजारो आली. कुणी इस्पितळात लागले, कुणी रेल्वेत, कुणी बसवर. वसाहतींतली ही माणसे तेव्हा ब्रिटिश प्रजाजनच. आपण परदेशी चाललो, असे त्यांना वाटावे तरी का? कित्येक मुले तर आईबापांच्या पासपोर्टावरच आली.

पुढे १९७१ चा कायदा १ जानेवारी १९७३ पासून अमलात आला. आधी येऊन स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क त्याने कायम ठेवला. मात्र त्या हक्काचा दाखला सरसकट सर्वांना दिला नाही, की यादी करून ठेवली नाही. सारी मेख इथे आहे. शिवाय पुराव्याचा भार माणसावर. चाळीस वर्षे कुणी विचारले नाही, म्हणून ते निभावले, इतकेच.

मग २०१४ व २०१६ साली नवे कायदे आले. विनापरवाना राहणाऱ्यांना जगणे नकोसे करावे, हे सरकारचे उघड धोरण होते. घरमालक, कारखानदार, बँक, इस्पितळ, जो तो कागद मागू लागला. म्हणजे बघा, सगळेच नाकेदार झाले! बोटीतून उतरल्याच्या नोंदींची जुनी कार्डे तर खात्याने २०१० सालीच नष्ट केली होती. राहिल्याच्या प्रत्येक वर्षाचा पुरावा आणा, असे सांगण्यात येई. चाळीस वर्षांमागची पगाराची चिठ्ठी आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत सापडेल? माणसांच्या नोकऱ्या गेल्या, घरे गेली. लंडनमध्ये जन्म काढलेल्या एका कर्करोग्याला उपचारासाठी ५४,००० पौंड भरायला सांगितले. भरडले गेले ते मुख्यतः वेस्ट इंडीजचे. पण भारतासह इतर राष्ट्रकुल देशांतून गेलेल्यांनाही झळ लागली.

२०१८ साली बोभाटा झाला. पंतप्रधानांनी माफी मागितली. हद्दपारीचे आकडे आधीच ठरवून दिले होते काय, याविषयी पार्लमेंटची दिशाभूल झाली म्हणून गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला. जुन्या फायली चाळल्यावर निघाले, की १९७३ पूर्वी आलेल्या निदान ८३ जणांना देशाबाहेर घालवले होते. त्यांतले निदान ११ जण तोवर वारले होते.

एप्रिल २०१९ मध्ये नुकसानभरपाईची योजना सुरू झाली. ती चालवायला दिली कुणाकडे? ज्याने हा घोळ घातला, त्याच गृहखात्याकडे! अर्ज लांबलचक, आणि नोकरी गेली, भाडे थकले, याचेही पुरावे हवेतच. २०२१ साली पार्लमेंटच्या समितीने म्हटले, की हे काम या खात्याकडून काढून घ्या. ते काढून घेतले नाही. कित्येक अर्जदार रक्कम हाती पडण्यापूर्वीच गेले. त्यांच्या मुलांना मागणी पुढे चालवता येते. फक्त आपण वारस आहोत, याचे कागद जोडावे लागतात.