विश्लेषण : वेबसाइटच्या पत्त्यांचे ‘गट’ कशासाठी करतात?

वेबसाइटची काही पाने सर्वांसाठी खुली असतात, काही फक्त लॉगिन केलेल्यांसाठी. एखाद्या पानावर पहारा बसवायचा राहिला, तर पत्ता ठाऊक असलेला कोणीही आत शिरू शकतो. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील अशा त्रुटी पहिल्या क्रमांकावर होत्या. त्या टाळण्याचा एक साधा उपाय म्हणजे पत्त्यांचे गट करणे.

राउट म्हणजे काय?

मोबाइलवर लिंक उघडली की सर्व्हरकडे विनंती जाते. कोणत्या पत्त्यासाठी कोणता कोड चालवायचा, हे सांगणारी नोंद म्हणजे राउट. टेलर ऑटवेल यांनी २०११मध्ये आणलेल्या ‘लाराव्हेल’ या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये वेब पानांचे राउट सहसा एकाच फाइलमध्ये असतात.

गट केल्याने काय साधते?

समजा, एका महाविद्यालयाच्या वेबसाइटवर कार्यालयीन कामाची ४० पाने आहेत. प्रत्येक नोंदीत ‘अ‍ॅडमिन’ हा उपसर्ग आणि लॉगिन तपासणी वेगळी लिहिली, तर एखादी निसटू शकते. त्याऐवजी सर्व राउट एका गटात ठेवून दोन्ही गोष्टी गटालाच लावता येतात. तपासणी करणाऱ्या या कोडला ‘मिडलवेअर’ म्हणतात. प्रत्येक घरासमोर रखवालदार न ठेवता सोसायटीच्या फाटकावर ठेवावा, तसे हे.

गटात गट कसा चालतो?

‘अ‍ॅडमिन’ गटात ‘परीक्षा’ हा उपगट केला, तर निकालाच्या पानाचा पत्ता ‘अ‍ॅडमिन/परीक्षा/निकाल’ असा होतो. मधल्या तिरक्या रेघा लाराव्हेल स्वतः घालते. बाहेरच्या गटाची लॉगिन तपासणी आणि उपगटाची परीक्षा विभागाची तपासणी, दोन्ही लागू होतात.

खबरदारी कोणती?

गटाचा कंस बंद झाल्यावर खाली लिहिलेल्या राउटला गटाचे नियम लागत नाहीत. पत्त्यात हाताने ‘अ‍ॅडमिन’ लिहिले, तरी तिथे पहारा नसतो. पान नीट उघडत असल्याने चूक लक्षातही येत नाही. त्यामुळे वेबसाइट सुरू करण्यापूर्वी ‘राउट:लिस्ट’ ही आज्ञा सविस्तर पर्यायासह चालवून प्रत्येक पत्त्यापुढे कोणते मिडलवेअर आहे, हे पाहावे.

शिवाय लॉगिन तपासणी फक्त आत आलेली व्यक्ती कोण, एवढेच ठरवते. विद्यार्थ्याने पत्त्यातील क्रमांक बदलून दुसऱ्याची गुणपत्रिका उघडू नये, यासाठी ती कोणाची आहे हेही कोडमध्ये स्वतंत्रपणे तपासावे लागते.